प्रमिलाअक्कांचा गोठा

आमच्या शेजारच्या प्रमिलाअक्का माणसाला नमस्कार करत नाहीत. त्याच्याकडे काहीतरी फेकतात.

आम्ही जळगावच्या या कॉलनीत राहायला आलो, त्या दिवशी मी टेम्पोतून सामान उतरवत होतो. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून "ओ भाऊ!" अशी हाक आली आणि हाकेपाठोपाठ एक बटाटा आला. मी उजवा हात डोक्यावर धरून मटकन खाली बसलो. बटाटा टेम्पोवर आपटला. भिंतीवर एक पांढरं डोकं उगवलं, त्यानं माझ्याकडे निराशेनं पाहिलं, "उजवा. आणि घाबरट," एवढं म्हटलं आणि ते मावळलं.

"कोण होतं हो?" सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आतून विचारलं.

"माहीत नाही. बटाटा आला होता."

पुढे कळलं की कॉलनीत सगळ्यांचं असंच झालेलं आहे. दूधवाल्याकडे त्यांनी पिशवी फेकली होती, गॅस सिलिंडरवाल्याकडे किल्ल्यांचा जुडगा. एका लग्नात स्टेजवर जाऊन त्यांनी नवरीकडे पेढा फेकला आणि नवरदेवाला सांगितलं, "चांगली पोर शे, पण काही उपयोग नाही. उजवी शे."

अक्का म्हणजे एका मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. लग्न केलं नाही. घरात त्या एकट्या आणि व्हरांड्यात हेल्मेटं, बॅटी, भलेमोठे चामड्याचे हातमोजे. जिल्ह्याच्या मुलींचा बेसबॉलचा संघ त्या तयार करतात. डावखुऱ्या माणसाच्या त्या कायम शोधात असतात, कारण डाव्या हातानं टाकलेला बॉल समोरच्याला लवकर उमगत नाही म्हणे. कुठला हात आधी उठतो हे बघण्यासाठी ही फेकाफेक.

माझं स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे. बेसबॉलशी माझा संबंध शून्य. पण अक्कांना आपलं म्हणणं ऐकणारा एक माणूस भिंतीपलीकडे हवा होता, आणि भिंतीपलीकडे मी होतो.

रोज सकाळी मी दात घासत अंगणात आलो की भिंतीवरून सुरू व्हायचं. "भाऊ, कोमल चांगली शे. जागृती बी चांगली शे. रोशनी चांगली, पण आउट मिळाला की हसत सुटते. तीन पोरी शेतस. पण गोठा रिकामा शे ना!"

मला वाटलं, अक्कांची गावाकडे जनावरं असतील. मी चूळ भरून सहानुभूतीनं विचारलं, "तिन्ही दूध देतात का?"

अक्का भिंतीला वळसा घालून आमच्या अंगणात आल्या, त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि समजावलं. बॉल टाकणारी ती पिचर. एक पिचर दमली की तिला काढून दुसरी आणायची. ती दुसरी, तिसरी, चौथी जिथे कडेला सरावाचे बॉल टाकत हात गरम करत थांबतात, त्या जागेला इंग्रजीत बैलाचं नाव आहे, म्हणून अक्का तिला गोठा म्हणतात. हंगाम सुरू व्हायच्या आधी गोठा भरलेला पाहिजे.

"पण टाकायला एका वेळी एकच लागते ना?" मी म्हणालो. "आणि तुमच्याकडे तर तीन आहेत."

"तीन शेतस, आणि सामने रोज! आज टाकलं, की उद्या त्या पोरीनं आराम नको करायला? खांदा काय भाड्याचा शे?"

मी मान हलवली. सुनंदानं खिडकीतून विचारलं, "कळलं का तुम्हाला?" मी अक्कांसमोर हो म्हणालो आणि आत जाऊन नाही म्हणालो.

हे न कळणं पुढे वाढतच गेलं. अक्का मला मैदानावर नेऊन बॅट घेऊन उभं करायच्या. "मारायचं नाही, हलायचं नाही. पोरींना समोर माणूस पाहिजे फक्त." कोमलचा बॉल माझ्या नाकासमोरून सूं करून जायचा, मागची कॅचर तो धरायची आणि सगळ्या टाळ्या वाजवायच्या. कधी कधी तस्साच बॉल जायचा आणि सगळ्या हळहळायच्या. दोन्हींत फरक काय, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

खरा घोटाळा झाला तो माघात. अक्का सुनंदाला म्हणाल्या, "एक पोरगी बघा ना कुठे. डावखुरी असली तर फारच चांगलं. उंच पाहिजे, अंगानं मजबूत. शिक्षणाचं काही नाही. फक्त घरच्यांची संमती पाहिजे."

सुनंदाचं माहेर अमळनेरकडचं. तिला अक्कांचा पुण्यातला इंजिनियर भाचा ठाऊक होता. डावखुरी कशाला, हे तिला कळलं नाही, पण पत्रिकेत काही असेल असं धरून तिनं माहेरी फोन लावला. आठवडाभरात तिच्या नात्यातले रघुनाथआबा आपल्या योगिताला घेऊन दारात हजर. आबांच्या डोक्यावर कडक टोपी, हातात घरच्या लिंबांची पिशवी. योगिता एकोणीस-वीस वर्षांची, उंच, अंगावर कुणाची तरी जरीची साडी, नजर फरशीवर.

आम्ही त्यांना अक्कांकडे नेलं. आबांनी लिंबांची पिशवी पुढे केली. अक्कांनी त्यातलं एक लिंबू काढलं आणि कुणाला काही कळायच्या आत योगिताकडे सोडलं. चांगलं जोरात. योगितानं मान वर न करता डावा हात उचलला आणि लिंबू हातात घेतलं.

"पसंत!" अक्का ओरडल्या.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टोपी काढली. सुनंदानं साखर आणायला धाव घेतली.

"सोमवारपासून पाठवा," अक्का म्हणाल्या.

"सोमवार?" आबा गडबडले. "पण लगन?"

"कोणाचं लगन?"

"नवरदेव कोठे शे?"

"नवरदेव कशाला पाहिजे? पहाटे मैदानावर यायचं. आणि ही साडी नको बरं का, पँट घालून ये."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा साखरेचा डबा घेऊन दारातच थांबली होती. खोलीत कुणालाच काही कळत नव्हतं, आणि अक्कांना कळत नव्हतं की कुणाला काय कळत नाही.

उलगडा झाला तेव्हा आबा उठून उभे राहिले. पोरीची थट्टा चालवली आहे असं त्यांना वाटलं. सुनंदा रडवेली झाली. आणि तेवढ्यात योगिता पहिल्यांदा बोलली. बोटांची वाटी करून तिनं अक्कांना विचारलं, "बॉल केवढा ऱ्हास?"

अक्कांनी बॉल आणून दिला. तिनं तो हातात फिरवून पाहिला. "ज्वारीवरची पाखरं हाकलाले मी रोज दगड मारस," ती म्हणाली. "हाऊ तर दगडपेक्षा गुळगुळीत शे." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आबा, माले येवानं शे. लगन ठरी तवय ठरी."

आबा खाली बसले. जळगावात योगिताची आत्या राहते. तिच्याकडे राहायचं, लग्न ठरलं की घरी परत यायचं, अशा बोलीवर ते तयार झाले. अक्कांचा गोठा भरला.

योगिता जोरात टाकायची, पण बॉल कुठे जाईल हे तिला, बॉलला आणि मला सारखंच अज्ञात असायचं. अक्का मात्र हरखून गेल्या होत्या. तिचा पाय कुठे पडतो, मनगट कसं वळतं, हे त्या मला भिंतीवरून हातात लाटणं घेऊन दाखवायच्या. तरुणपणी या बाई काय पिचर असतील, असं मी एकदा म्हणालो. कॉलनीत सगळे तसंच म्हणायचे. अक्कांनी लाटणं खाली ठेवलं आणि विषय बदलला.

फाल्गुनात धुळ्याला स्पर्धा झाली. संघ बसनं गेला. बॅटी-हेल्मेटं माझ्या गाडीतून गेली, म्हणून मीही गेलो. कोमल, जागृती, रोशनी आळीपाळीनं टाकत होत्या आणि आपण जिंकत होतो. आपण जिंकतोय हे मला शेजारी बसलेले लोक सांगत होते. योगिता रोज कडेला हात गरम करायची. सामना संपला की बॉल पिशवीत टाकून येऊन बसायची.

उपांत्य सामना कोमलचा होता. शेवटचा डाव आला तेव्हा आपण दोन धावांनी पुढे होतो. तीन बाद केल्या की फायनल. कोमल सुरेख टाकत होती, एवढं मलाही दिसत होतं. तेवढ्यात अक्का उठल्या, सामना थांबवून मैदानात गेल्या आणि त्यांनी कोमलपुढे हात पसरला.

"काय झालं अक्का?"

"कोपर दुखतंय तुझं. बॉल दे."

"नाही दुखत."

"मला दिसतं. दे."

कोमलला काही समजेना. तिनं बॉल दिला आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. योगिता धावत आत आली. पहिले बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेले. चुकीच्या बॉलांमुळे एक पोरगी फुकट बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर गेली, मग दुसरी. लोक ओरडायला लागले. मग काय झालं कुणास ठाऊक, योगिताचा बॉल असा वळला की समोरची पोरगी तीनदा हवेत बॅट फिरवून बाद झाली. योगितानं हातमोजा तोंडावर धरला. ती हसत होती की रडत होती, ते दिसलं नाही. त्याच्या पुढच्याच पोरीनं लांबलचक फटका मारला. आधीच्या दोघी घरी, म्हणजे जिथून बॅट मारतात तिथे, परत पोचल्या, आपल्या पोरींच्या हातून बॉल निसटला आणि मारणारीही पोचली; तीन धावा झाल्या. सामना संपला. एका धावेनं हरलो.

परतताना अक्का माझ्या गाडीत होत्या, मुली मागून बसनं येत होत्या. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं, तरी रस्ता तापलेलाच होता. अक्कांनी चहाला तोंड लावलं नाही.

"फार दुखत होतं का कोमलचं कोपर?" मी विचारलं.

"काही नव्हतं झालं तिच्या कोपराला."

खेळातलंच काहीतरी असेल, आपल्याला कळणार नाही, असं मला वाटलं.

"सकाळी योगिता आली होती," अक्का म्हणाल्या. "आबांचा फोन आला होता तिला. लग्न ठरलं. वैशाखात आखाजी झाली की उरकणार. सासरचे म्हणाले, आता खेळ बास. मला म्हणाली, अक्का, आज मी लागेल का?"

समोरून एक ट्रक गेला. त्याची धूळ पडू नये म्हणून अक्कांनी कपावर हात धरला.

"मी कॉलेजच्या संघात तीन वर्षं होते, भाऊ. सगळ्यांना वाटतं मी पिचर होते. मी कधी नाही म्हटलं नाही. सर म्हणायचे, प्रमिला, हात गरम कर. मी करायची. सामना संपेपर्यंत करत राहायची. तीन वर्षांत एकदासुद्धा आत बोलावलं नाही; सामन्यात टाकून खांदा दुखतो म्हणतात, माझा कधी दुखला नाही. मुद्दाम नाही हो. चांगला माणूस होता तो. मी आहे हेच त्यांच्या लक्षात राहायचं नाही. आणि मी कधी विचारलं नाही, सर, आज मी लागेल का? या पोरीनं विचारलं." त्यांनी कप बाजूला सारला. "कोमलचं नुकसान केलं मी. बरोबर केलं की चूक, सांगा ना. तुम्ही बाहेरचे शेतस."

मी चष्मे विकणारा माणूस. भिंतीकडे तोंड करून बसलेली कोमल डोळ्यांसमोर यायची, मग हातमोज्यामागचं योगिताचं तोंड यायचं, आणि परत कोमल.

तेवढ्यात बस येऊन थांबली. मुली खाली उतरायला लागल्या. अक्का उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग सरळ कोमलपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "कोपराचं मी खोटं बोलले," सगळ्यांदेखत म्हणाल्या. "तू चांगली टाकत होतीस."

कोमलचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "माहीत आहे. योगितानं सांगितलं बसमध्ये सगळं." तिनं पायानं माती उकरली. "मला राग आलाय अक्का. जाणार नाही लवकर."

"नको जाऊ दे," अक्का म्हणाल्या.

"पण तिच्या खांद्याला बर्फ पाहिजे. सुजलाय. हलवता येत नाहीये तिला."

अक्का भानावर आल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या रसवंतीवर गेल्या, लाकडाच्या भुशातला बर्फाचा तुकडा मागून आणला, नळाखाली धुतला आणि पदरात बांधला. योगिता बसच्या पायरीवर डावा हात मांडीवर ठेवून बसली होती. अक्का तिच्या शेजारी अवघडून बसल्या. पदर खांद्यावर दाबून धरला. बर्फाचं पाणी दोघींच्या अंगावर ओघळायला लागलं.

"दुखस का व पोरी?"

"भलतं दुखस, अक्का," योगिता म्हणाली.

अक्कांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा चेहरा इतका निवलेला मी कधी पाहिला नव्हता.

"दुखू दे," त्या म्हणाल्या.