सुलाबाईंच्या सुट्टीचं जेवण

सुलाबाई येवल्याला भावाकडे निघून गेल्या, त्याला कारण एकच वाक्य होतं. भिकनरावांच्या सातपूरच्या कंपनीतले चार मित्र घरी जेवायला आले होते. पुरणपोळ्या रिचवून झाल्यावर त्यातला एकजण म्हणाला, "वहिनी, दमलात असाल." त्यावर भिकनराव ढेकर देत म्हणाले, "दमायला काय झालं? दोन वेळचा स्वयंपाक. बाकी दिवसभर घरीच असते की." सगळे हसले. सुलाबाईंनी भांडी घासली, ओटा पुसला आणि सकाळच्या पहिल्या एसटीने गेल्या.

दोन दिवस भिकनराव मुलीला, पायलला, म्हणत राहिले, "येईल गं." तिसऱ्या दिवशी त्यांनी केलेला भात पायलने सुरीने कापून खाल्ला. चौथ्या दिवसापासून बापलेक वडापाववर आले. दहाव्या दिवशी भिकनराव पायलला घेऊन येवल्याला मेहुण्याच्या दारात जाऊन उभे राहिले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. "चल," एवढंच म्हणाले. मग चपलेकडे बघत पुढे म्हणाले, "आज तू गॅसला हातसुद्धा लावायचा नाही. बाहेर जेवू." सुलाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पिशवी उचलली.

हॉटेल पायलने ठरवलं होतं. नाशिकला द्वारका चौकात बसमधून उतरताच ती म्हणाली, "पप्पा, गंगापूर रोडला नवीन झालंय. चायनीज हॉटपॉट!" भिकनरावांच्या लेखी हॉटपॉट म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. डब्यातून गरमागरम वाढणार असतील तर उत्तमच, असा विचार करून त्यांनी रिक्षाला हात केला.

हॉटेल झकास होतं. लाल कंदील, गुबगुबीत खुर्च्या. फक्त टेबलाच्या मधोमध गॅसची शेगडी होती. तिच्याकडे भिकनरावांचं लक्ष जाईपर्यंत वेटरने तिच्यावर पसरट पातेलं ठेवलंसुद्धा. पातेल्यात मधून पत्रा, एका बाजूला लाल पाणी, दुसऱ्या बाजूला पांढरं. मग एकेक ताट येऊ लागलं. चिरलेला कोबी, गाजराच्या चकत्या, मशरूम, चिकनचे पातळ काप, नूडल्सचा गुंता.

"अहो, हे सगळं कच्चं आहे," भिकनराव म्हणाले.

"हो काका, एकदम फ्रेश," वेटर म्हणाला.

"मग शिजवून आणा की!"

"आपणच शिजवायचं असतं. तीच तर मजा आहे."

सुलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण त्या नजरेने भिकनरावांच्या कपाळावर घाम आला.

त्यांनी मॅनेजरला बोलावलं. यादव नावाचा तो मॅनेजर फार नम्र होता. भिकनराव त्याच्या कानाशी लागून म्हणाले, "साहेब, घरची भानगड आहे. जरा आतून शिजवून द्या ना."

"दिलं असतं काका, पण आमच्या किचनमध्ये फक्त रस्सा उकळतो आणि भाज्या चिरतात. बाकीचं कस्टमर करतात."

तोवर लाल पाणी खदखदायला लागलं होतं. उकळतं भांडं समोर दिसताच सुलाबाईंचा पदर आपोआप कमरेला खोचला गेला आणि हात झाऱ्याकडे निघाला.

"हात लावू नकोस!" भिकनराव ओरडले.

अख्ख्या हॉटेलने वळून पाहिलं. शेजारच्या टेबलावर नातवंडांना घेऊन बसलेल्या एक आजी चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय हो, चारचौघांत बायकोवर असं ओरडतात?"

"आजी, मी तिला काम करू देत नाहीये!"

"काहीच करू द्यायचं नाही! वर सांगतायत अभिमानाने."

पायलने मेनूकार्डाआड तोंड लपवलं. भिकनरावांनी दीर्घ श्वास घेतला, बाह्या सरसावल्या, झारा उचलला आणि सगळी ताटं एकदम पातेल्यात ओतली.

त्यानंतरची पाच मिनिटं अवघड गेली. रस्सा फसफसून उतू गेला. शेगडी विझली. वेटरने ती पुन्हा पेटवली. नूडल्स झाऱ्याला अशा बिलगल्या की भिकनरावांनी झटका दिल्यावर त्यातल्या अर्ध्या त्यांच्या खिशातल्या पेनावर जाऊन लटकल्या. कोबीचा लगदा झाला तरी गाजर टणकच. सुलाबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. वेटरने पातेलं बदलून नवी ताटं आणून ठेवली, तेव्हा मात्र त्यांच्याच्याने राहवेना.

"गॅस बारीक करा."

"केला."

"आता गाजर टाका. नुसतं गाजर. मग चिकन. नूडल्स सगळ्यात शेवटी."

"आणि शिजलं हे कसं कळणार?"

"वासावरून."

भिकनरावांनी वाकून वास घेतला. वाफेने डोळ्यांत पाणी आलं. "मला तर काहीच कळत नाही. तुला कसं कळतं गं?"

"सत्तावीस वर्षं झाली," सुलाबाई साधेपणाने म्हणाल्या.

भिकनरावांनी झारा खाली ठेवला. मग घसा खाकरून बोलले. हळूच बोलायचं त्यांच्या मनात होतं. पण अठ्ठावीस वर्षं मशीनच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. "सुला, त्या दिवशी मी मित्रांसमोर जे बोललो ना, ते चुकलं माझं. फार चुकलं."

पुन्हा सगळ्या माना वळल्या. आजींनी चष्मा काढून पुसला आणि सूर बदलून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला यातलं कळतंय. आमचंही जरा बघता का? ही मंडळी तासभर नुसतं पाणी उकळतायत."

सवयीने सुलाबाई अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. "मला नका विचारू. आज माझी सुट्टी आहे. यांना न्या."

भिकनरावांनी आपल्या पातेल्यात गाजर, चिकन, नूडल्स असं सगळं क्रमाने सोडलं आणि मग ते गेले. "गॅस बारीक. आधी गाजर," असं त्यांनी अशा रुबाबात सांगितलं की पलीकडच्या टेबलानेही हाक मारली, मग खिडकीजवळच्या जोडप्याने. एकाने तर त्यांना रस्सा आणखी आणायला सांगितला आणि त्यांनी तो आणलाही. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन ते परतले, तेव्हा सुलाबाई आणि पायलचं जेवण आटोपलं होतं. पातेल्याच्या तळाशी उरला होता तो फक्त रस्सा.

"मला काही ठेवलंत की नाही?"

सुलाबाईंनी ताटलीने झाकलेला वाडगा पुढे सरकवला.

"गार झालंय," भिकनराव म्हणाले.

"करणाऱ्याला गारच मिळतं," सुलाबाई म्हणाल्या.

पायल हात धुवायला उठली. सुलाबाई उठल्या नाहीत. टेबलावर कोपरं टेकून, नवऱ्याला सोबत म्हणून समोर बसून राहिल्या. आजवर आपलं जेवण झालं की भिकनराव टीव्हीसमोर जाऊन बसत. मागे ओट्याशी एकटी कोण जेवते, हे त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. ते खाली मान घालून एकेक घास खाऊ लागले. तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी कडकन वाजलं.

"सुला, गाजर कच्चंच राहिलं गं. तू बोलली का नाहीस?"

"कष्टाने केलेलं असतं," सुलाबाई त्यांच्या खिशावरची शेवटची नूडल काढत म्हणाल्या. "मुकाट्याने खावं."