टाकीत केळी टक्के पाणी

सहा वाजता इमारतीची बैठक होती आणि तीन वाजून गेले तरी बटणरावांच्या सहापैकी पाच चाचण्या नापासच होत होत्या.

बटणराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. कुठलीही अडचण निघाली की "याला एक बटण बसवू या" म्हणायची सवय, म्हणून शेजाऱ्यांनी ते नाव दिलं आणि आता पोस्टमनसुद्धा तेच वापरतो. पोटापाण्याला ते कॉम्प्युटरवर काम करत. मनाने अगदी लोणी. तेवढं ते बटणाचं सोडलं तर माणसात नाव ठेवायला जागा नाही.

यावेळचं बटण गच्चीवरच्या टाकीसाठी होतं. इमारत पाच मजली, घरं चोवीस, लिफ्ट नाही आणि पाणी येणार फक्त सकाळी. इमारत सांभाळणारे टाकीकाका दिवसातून दोनदा एकशे चार पायऱ्या चढून वर जात, टाकीत काठी बुडवत, किती ओली झाली ते बघत आणि जिन्यातून खाली ओरडून सांगत. काकांचं वय अडुसष्ट. त्यांचा उजवा गुडघा प्रत्येक पायरीला असा वाजे, की काका कुठल्या मजल्यावर पोचले हे घरात बसून कळायचं. बटणरावांना तो आवाज ऐकवेना. त्यांनी टाकीत पातळी मोजणारं यंत्र सोडलं आणि एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे एकाखाली एक आज्ञा. यंत्राचा आकडा बघ, योग्य ते वाक्य तयार कर, चोवीस घरांच्या मोबाईलवर मेसेज पाठव. कॉम्प्युटर बिचारा वरून खाली निमूटपणे सगळं करत जातो.

पण इमारतीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते असे बरे ऐकतील.

"मी छत्तीस वर्षं शाळा चालवली," सर म्हणाले होते. "घटक चाचणी घेतल्याशिवाय एकाही पोराला पुढे जाऊ दिलं नाही. ह्याची घेतलीय का?"

"सर, आमच्यातही तसंच असतं. एकेक तुकडा सुटा काढून तपासायचा."

"मग तपासा. शनिवारी सहाला निकाल घेऊन या. पास झालं तर काकांचं चढणं बंद. नाही झालं तर काका आहेत आणि काठी आहे."

काका शेजारीच उभे होते. त्यांनी नुसता गुडघा चोळला. ते चोळणं बटणरावांच्या डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून आज, बायको तिच्या शिलाईच्या दुकानात गेलेली असताना, बटणराव दार लावून, कानाला हेडफोन लावून चाचण्या घेत बसले होते. तपासताना लोकांना खरे मेसेज जाता कामा नयेत, एवढं त्यांना कळत होतं. मेसेज पाठवण्याचं काम ज्या आज्ञेकडे होतं तिला ते निरोप्या म्हणत. त्याच नावाचा एक खोटा निरोप्या त्यांनी बनवला. त्याने कुणाला काही पाठवायचं नाही, दिलेलं वाक्य फक्त एका वहीत उतरवायचं. वहीत हवं ते वाक्य दिसलं की चाचणी हिरवी, नाही दिसलं की लाल.

स्क्रिप्टला द्यायचे आकडे त्यांनी हाताने लिहिले. ऐंशी, मग दहा, मग शून्य. यंत्र बिघडलं तर काय, म्हणून उणे पाच. फारच बिघडलं तर काय, म्हणून अडीचशे. आणि आकड्याऐवजी भलतंच काही आलं तर काय, म्हणून शेवटी लिहिलं ‘केळी’. अशा वेळी स्क्रिप्टने गप्प बसावं आणि वही कोरी राहावी, अशी अपेक्षा होती.

चाचण्या चालवल्या. पाच लाल आणि एक हिरवी. हिरवी होती केळ्यांची.

"चला, अवघड पेपर तर सुटला," असं म्हणून त्यांनी वही उघडली. वहीत एक अक्षर नाही. खोट्या निरोप्याला वहीत लिहायची परवानगी नसेल, असं वाटून त्यांनी ती दिली आणि पुन्हा चालवल्या. पाच लाल. मग अवतरणचिन्हं तपासली. पाच लाल. वहीचं नाव बदललं. पाच लाल. एकदा तर काहीच न बदलता, नुसते हात जोडून चालवल्या. पाच लाल, आणि केळी आपली हिरवीगार.

मधूनच भिंतीतल्या नळांची घरघर हेडफोनमधूनही ऐकू येत होती. कुठे बादली आपटत होती, कुठे कुणी जिन्यातून धावत होतं. शनिवार आहे, सगळ्यांना एकदम धुणं आठवलेलं दिसतंय, असं मनात म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

पाचला बायको आली. दारातच उभी राहिली आणि त्यांच्या कानावरचे हेडफोन तिने स्वतः काढले.

"जिन्यात एवढी गर्दी का आहे, माहीत आहे तुला?"

"धुणं असेल."

"धुणं जिन्यात करतात? टाकीत केळी पडलीत म्हणे."

बटणराव खुर्चीतून उठले. "कुठली केळी?"

"तेच विचारायला आले. दुकानात मशीनच्या आवाजात मोबाईल बघितला नाही. आत्ता बघते तर तीस मेसेज. ऐक. ‘टाकीत ८० टक्के पाणी आहे. काळजी नसावी.’ त्याच मिनिटाला, ‘पाणी १० टक्के. जपून वापरा.’ मग ‘पाणी संपले.’ मग ‘टाकीत -५ टक्के पाणी आहे.’ मग ‘टाकी भरून वाहत आहे.’ मग ‘टाकीत केळी टक्के पाणी आहे.’ आणि परत ऐंशीपासून सुरू. असं पाच वेळा. तुझ्या त्या यंत्राला भोवळ आलीय का?"

बटणरावांनी स्क्रिप्ट उघडली आणि पहिली ओळ वाचली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच लिहिलेली. स्क्रिप्ट आपली आपण चालायला लागली तेव्हा तिला आज्ञा कुठे ठेवल्यात ते सापडेना, म्हणून त्यांनी वरच बजावून ठेवलं होतं, की सगळ्या आज्ञा याच कपाटातून, म्हणजे याच फोल्डरमधून घ्यायच्या, दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही. खोटा निरोप्या त्यांनी ठेवला होता दुसऱ्या कपाटात. तो बिचारा दुपारभर कानावर पेन्सिल खोचून, कुणी हाक मारतंय का म्हणून वाट बघत बसला होता.

"म्हणून वही कोरी होती," ते पुटपुटले.

"कुठली वही?"

"खरा निरोप्या घरोघर हिंडत होता. मी जितका तपासत होतो तितका जास्त."

बायकोने विचारलं, "आपल्या बादल्या भरल्यास?"

"नाही."

तिने नळ उघडला. नळ खाकरला आणि गप्प झाला.

बटणराव तसेच जिन्यात धावले. प्रत्येक मजल्यावर माणसं, आणि माणसांपेक्षा भांडी जास्त. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी बादल्या, पातेली, थर्मास, झाडाची कुंडी आणि नातवाचं हेल्मेट एवढं भरून ठेवलं होतं. नळाच्या तोंडाला फडकं गच्च बांधलं होतं.

"हे फडकं कशाला, मावशी?"

"उणे पाच आलंय ना. म्हणजे नळ आता पाणी देणार नाही, उलटं आपल्या बादलीतलं ओढून घेणार. तुम्हाला एवढं कळत नाही, कॉम्प्युटर शिकलात ना?"

तेवढ्यात वरून तो ओळखीचा आवाज आला. कट्, पायरी. कट्, पायरी. टाकीकाका काठी टेकत उतरत होते. बटणराव तीन पायऱ्या चढून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचा हात धरला.

"काका, किती वेळा वर गेलात?"

"ही पाचवी," काका भिंतीला टेकून म्हणाले. "आधी पाणी संपलं म्हणून पाठवलं. मग वाहतंय म्हणून पाठवलं. मग केळी काढायला. मिळाली नाहीत, तर म्हणाले नीट बघितलं नसणार, परत जा. मग आणखी एकदा, टॉर्च घेऊन."

"आणि पाणी किती आहे?"

"पहिल्यांदा गेलो तेव्हा चांगली वरपर्यंत काठी भिजली. दुसऱ्यांदा निम्मी. आता कोरडी ठणठणीत आहे. सगळ्यांनी भरून घेतलं ना." काकांनी श्वास घेतला. "तुमचं यंत्र हुशार आहे हो. तीन वाजता बोललं ते पाच वाजता खरं झालं."

ज्या गुडघ्यासाठी सगळा खटाटोप केला, त्याच गुडघ्याला एका दुपारी पाच वेळा वर धाडलं होतं. बटणरावांनी काकांना हात देऊन खाली आणलं आणि खुर्चीवर बसवलं. मग स्वतः बैठकीत उभे राहिले.

चोवीसही घरं हजर होती. सर चष्मा पुसून म्हणाले, "निकाल सांगा."

"सहापैकी एक पास, सर."

"कोणता विषय?"

"केळी."

मागे कुणीतरी खोकलं. बटणरावांनी सगळं सांगितलं. खोटा निरोप्या, दोन कपाटं, कोरी वही, काहीसुद्धा लपवलं नाही. केळ्यांची चाचणी पास का झाली तेही सांगितलं. वही कोरी राहायला हवी होती आणि ती कोरी होती, पण ती सगळ्यांसाठीच कोरी होती. "म्हणजे पोराने कोरा पेपर दिला," सर म्हणाले, "आणि एका प्रश्नाचं उत्तरच कोरं होतं."

"तसंच झालं, सर. चूक यंत्राची नाही, माझी आहे. तुम्ही म्हणाल ते मान्य. फक्त काकांना आज खूप त्रास झाला, त्याचं वाईट वाटतं."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "इतकी वर्षं काका जिन्यातून ओरडतायत. मावशी, तुम्ही कधी एक तांब्या तरी भरून ठेवलात?"

"ऐकू येत नाही हो मला."

"आज मात्र हेल्मेट भरलंत. लोक मेसेजचं ऐकतात, माणसाचं ऐकत नाहीत. तेव्हा यंत्र ठेवायचं. पण एक महिना फेरपरीक्षा. मोबाईलवर आकडा आला की लगेच कुणीतरी वर जाऊन काठीने मोजायचं. दोन्ही जुळलं पाहिजे. रोज दोनदा." सरांची नजर सवयीने खुर्चीकडे वळली. "काका, तुम्ही..."

काका उठायला लागले. गुडघा वाजला.

"मी जाईन," बटणराव म्हणाले. "महिनाभर. काकांनी खाली बसून माझ्यावर लक्ष ठेवावं."

त्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीत पाणी नसलेलं घर एकच होतं. देव मावशींचं भलं करो, त्यांनी दोन बादल्या पाठवल्या. आणि हेल्मेटही.

दुसऱ्या दिवसापासून काका खुर्चीत मोबाईल घेऊन बसू लागले. मोबाईल वाजला की ते आकडा बघत, पण सांगत नसत. बटणराव एकशे चार पायऱ्या चढत, काठी बुडवत, धापा टाकत खाली येत आणि आपला आकडा सांगत. चार दिवस झाले, रोज फरक. यंत्र चौसष्ट म्हणे, काठी एकसष्ट. यंत्र बावन्न, काठी एकोणपन्नास. बटणराव सुकून गेले. त्यांनी स्क्रिप्टची ओळ न ओळ उलटसुलट केली, खोट्या निरोप्याला योग्य कपाटात बसवलं, सहाच्या सहा चाचण्या हिरव्या आल्या, तरी तीन टक्क्यांचा घोळ काही सुटेना.

पाचव्या दिवशी ते खाली येऊन कठड्याला धरून उभे राहिले. बोलायलाही दम नव्हता. काकांनी मोबाईल खाली ठेवला.

"यंत्रात काही खोट नाही," काका मायेने म्हणाले. "मोबाईल वाजल्यापासून तुम्ही वर पोचेपर्यंत इथे चार घरांच्या आंघोळी होतात. मी याच्या निम्म्या वेळात पोचायचो."