अकरा शब्दांचा भोईर

कुणाकडे नवा कॉम्प्युटर आला की लोक पेढा मागत. आमचा भोईर की-बोर्ड मागायचा. खिशातली फ्लॉपी काढून म्हणायचा, "जरा घालून बघू?" ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत त्याची फ्लॉपी न चाखलेला एकही कॉम्प्युटर उरला नव्हता. चुलतभावासाठी मुलगी बघायला गेला, तर मुलीच्या काकांचं मशीन बघून आला. मुलगी कशी होती, हे त्याला आजही सांगता येत नाही.

ठाण्यातल्या पंपांच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर, तो प्रोग्रामर. शीळफाट्याकडच्या गावातला, घरच्या मिठागरावर राबलेल्या बापाचा मुलगा. त्या काळी एका मशीनचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून भोईरने स्वतःची भाषाच काढली. शब्द अकरा. घे, ठेव, मोज, सांग, नाहीतर, परत... इंग्रजी अक्षरांत, पण आपले. हे शब्द मशीनला समजावणारा एक छोटा दुभाषी तो लिहायचा. मशीन बदललं की दुभाषी नवा. प्रोग्रामच्या केसालाही धक्का नाही.

"मशीन भाड्याचं, प्रोग्राम आपला!" हे त्याचं पालुपद.

"अरे, घे, ठेव, मोज ही कसली भाषा? माझी बायको रोज हेच बोलते."

"मग वहिनी प्रोग्रामर झाल्या. तुम्हीच राहिलात."

एके दिवशी साहेबांनी भलत्याच जातीचं मशीन आणलं. विकणारा म्हणाला, स्टोअरचा प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल, सहा महिने लागतील. भोईर म्हणाला, एक दिवस. साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत चालला तर ठीक. नाहीतर प्रोग्राम त्यांचा आणि तू गोडाउनमध्ये."

दुभाषी भोईरने आधीच बसवला होता. जुनं मशीन सकाळीच टेम्पोतून गेलेलं. आता फक्त फ्लॉपी घालायची. पण पूजेशिवाय नवं मशीन सुरू करायची आमच्याकडे कुणाची छाती? साहेबांनी नारळ वाढवला, मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि भक्तीच्या भरात ताटातल्या फ्लॉपीलाही, नेमकं जिथे तिचं अंग उघडं असतं तिथे. जोडी असावी म्हणून भोईरने दुसरी प्रतही ताटातच ठेवलेली. तिच्यावर अक्षताही पडल्या.

फ्लॉपी आत गेली आणि मशीन असं खाकरलं की घोडबंदर रोडवरच्या म्हशी दचकल्या असतील. दुसरीचंही तेच. प्रोग्राम संपला. भोईर पांढराफटक.

"प्रोग्रामची छापलेली पानं आहेत ना माझ्याकडे!" मी ओरडलो.

मग टेलिफोनवाल्या साळवीबाई, मी आणि शेवटी साहेबसुद्धा आळीपाळीने वाचू लागलो, "घे... मोज... नाहीतर परत..." सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी चुकत नव्हतं. भोईर टाइप करत होता. साडेचारला पडद्यावर वॉशरचा साठा अचूक उभा राहिला. विकणाऱ्याने बॅग उचलली. छाती माझी अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

भोईर मात्र उठेना. पानं न बघता तो आणखी सात ओळी बडवत होता.

"आता काय?"

"खाडीच्या भरतीची वेळ. तिथीवरून निघते." उत्तर आलं तसं त्याने गावातल्या दुकानात फोन लावून बापाला बोलावलं. "आबा, आज पानी पावनेसहाला भरंल." फोन ठेवला.

"मिठागर विकून चार वर्षं झाली ना रे?"

"झाली."

"मग?"

"तो रोज विचारतो," भोईर म्हणाला. "बांधावर जाऊन बसतो. पाणी वेळेवर आलं की जेवतो."