अवनी अजून बाहेर आहे

आमच्या फाटकाला संध्याकाळी कडी लागणार की नाही, हे मुंबईत बसून हिंदी मालिका लिहिणारी माणसं ठरवतात. धारवाडच्या आमच्या सप्तापुरात कुणालाही हे सांगितलं तर तो आधी हसतो. मग आमच्या घरमालकीणबाईंचं नाव ऐकतो आणि "हां, मग बरोबर आहे" म्हणून आपल्या वाटेनं जातो.

घरमालकीणबाई म्हणजे शांताक्का. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट आणि आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला अंथरुणातून उठवेल असा. तो त्यांनी नोकरीत कमावलेला. धारवाडातल्या मुलींच्या एका वसतिगृहात त्या बत्तीस वर्षं वॉर्डन होत्या. तिथलं फाटक साडेसातला बंद होई आणि त्यावरून मुलींनी त्यांना ठेवलेलं नाव त्या स्वतःच हौसेनं सांगतात, "साडेसाती म्हणायच्या मला." लग्न त्यांनी केलं नाही. "दोनशे मुली होत्या की मला! आणखी कशाला पाहिजेत?" हे उत्तर त्या कुणी विचारायच्या आधीच देऊन टाकतात.

अक्का तीन भाषा बोलतात आणि तिन्हींची कामं वाटून दिलेली आहेत. नियम इंग्रजीत, राग मराठीत आणि माया कन्नडात. मी आणि माझी बायको शुभा सहा वर्षांपूर्वी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, तेव्हापासून आमच्या वाट्याला पहिल्या दोनच भाषा आल्या. कन्नड मांजरासाठी राखून ठेवलेलं होतं.

सोमवार ते शुक्रवार सात वाजता 'दिल का पहला सेमिस्टर' लागतं. त्यात एक कॉलेज आहे. त्या कॉलेजात फळा नाही, खडू नाही, परीक्षा नाही. केस उडवणारी मुलं आहेत, मोटारसायकली आहेत आणि एक अवनी नावाची नायिका आहे. अवनी हॉस्टेलवर राहते, म्हणजे तिचं सामान तिथं राहतं. ती स्वतः रेयांश नावाच्या एका दाढीवाल्या विद्यार्थ्याच्या मागे बसून गावभर फिरत असते. हा रेयांश मला तरी पस्तिशीचा वाटतो.

ही मालिका अक्का मांडीवर रजिस्टर घेऊन बघतात. लांबोडकी, कापडी बांधणीची वही, पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, नाव, खोली नंबर, बाहेर जाण्याची वेळ, कारण, आत येण्याची वेळ, सही. अवनीला त्यांनी स्वतःच खोली दिलीय, नंबर चार. "त्या खोलीची खिडकी रस्त्याकडं नाही," हे त्यामागचं कारण. मालिकेतली वॉर्डन विनोदी आहे, दर आठवड्याला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर पडते. ती दिसली की अक्का चष्मा काढून ठेवतात. "वॉर्डन अशी असते काय हो मास्तर? हातात किल्ल्यांचा जुडगा नाही, काही नाही. मुली बिघडायच्या नाहीत तर काय?"

एपिसोड संपेपर्यंत अवनी हॉस्टेलवर परत आली, तर अक्का वेळ लिहितात, तिच्या वतीनं सही करतात, अंगणात जातात आणि आमच्या फाटकाला कडी घालतात. आली नाही, तर फाटक नुसतं लोटलेलं राहतं.

"मुलगी बाहेर आहे आणि कडी घालू?"

हा प्रश्न मला वर्षातून निदान शंभर वेळा तरी ऐकावा लागतो. प्रश्नाला माझी हरकत नाही, हरकत आहे ती गल्लीतल्या एका तांबड्या गायीची. ती लोटलेलं फाटक नाकानं उघडते. अवनी कॉलेजच्या सहलीला मनालीला गेली, ती अकरा एपिसोड परतली नाही. त्या सहलीत माझा कडीपत्ता गेला, शुभाची जास्वंद गेली आणि दोरीवरच्या माझ्या बनियनची एक बाही गेली. शेवटी मी चिडून म्हणालो, "अहो अक्का, ती नटी आहे! शूटिंग संपवून केव्हाच आपल्या गाडीतून घरी पोचली असेल ती."

"तुम्ही बघितलात काय पोचलेली?" अक्कांनी विचारलं.

मी बघितलं नव्हतं. मग बाजारातून कडीपत्त्याचं दुसरं रोप आणलं.

मागच्या वर्षी अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस टीव्ही बंद, लिहिणं-वाचणं बंद असं बजावलं. अक्कांनी ते मानलं. नियम म्हटलं की त्या डॉक्टरचाही मानतात. पण रजिस्टरचं काय? ते माझ्याकडे आलं. मी अळणावरच्या शाळेत मराठी शिकवतो. दिवसभर तिथं मुलांची हजेरी घ्यायची, बसनं धडपडत यायचं आणि सात वाजता अवनीची घ्यायची, असा माझा दिनक्रम झाला. अक्का शेजारच्या खुर्चीत, डोळ्यांवर हिरवा चष्मा, तोंड भिंतीकडे.

"आता काय चाललंय?"

"गाणं."

"तिनं कारण काय सांगितलंय?"

"लायब्ररीत जाते म्हणाली."

"आणि गेलीय कुठं?"

"समुद्रावर."

"लायब्ररी लिहा."

"अहो, पण समोर समुद्र दिसतोय मला!"

"मुलीनं सांगितलेलं कारण लिहायचं असतं मास्तर. खरं कारण वॉर्डननं मनात ठेवायचं."

चौथ्या दिवशी रजिस्टर संपलं. मी नवी वही आणली, रकाने आखले आणि अवनीचं नाव लिहायला घेतलं, तर अक्का म्हणाल्या, "थांबा. आधी जुनी नोंद उतरवून घ्या. अपुरी नोंद पुढच्या वहीत न्यावी लागते. पहिलं पान, पहिली ओळ."

मी जुन्या वहीचं पहिलं पान उघडलं. लिहिलं होतं: वसंता पाटील, खोली अकरा, अळणावर. बाहेर पाच दहा. कारण, मावशीकडे, कमरीपेठ, हुबळी. आत येण्याची वेळ कोरी. सही कोरी.

"ही कुठल्या मालिकेतली?" मी हसत विचारलं.

अक्कांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "ही खरी," म्हणाल्या.

मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांनी जे सांगितलं ते फार नव्हतं. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वसंता बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती, हुशार होती आणि एका मुलाच्या सायकलवर पुढं बसलेली दोनदा दिसली होती. त्या दिवशी ती सात चाळीसला परत आली. फाटकाला कुलूप होतं. बाहेरून म्हणाली, "अक्का, उघडा." अक्का आतून म्हणाल्या, "रूल इज रूल. लोकल गार्डियनला घेऊन ये, मग उघडते."

"दहाच मिनिटं उभी करायची होती हो," अक्का म्हणाल्या. "धाक बसावा म्हणून. दहा मिनिटांनी किल्ली घेऊन गेले मी. नव्हती."

तिसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन ट्रंक घेऊन गेले. अवाक्षर बोलले नाहीत आणि अक्कांची विचारायची छाती झाली नाही. पुढं कधीच झाली नाही. नोकरी संपली, हॉस्टेलचं रजिस्टर हॉस्टेलात राहिलं. ही एक ओळ तेवढी त्यांनी घरी आणली आणि दर नव्या वहीत पहिली लिहिली.

मी ती ओळ उतरवून घेतली. माझं अक्षर चांगलं आहे, पण त्या दिवशी ते मला जरा वाकडंच आलं. सहा वर्षं मी त्या गायीच्या नावानं खडे फोडत होतो, याची मला लाज वाटली.

अळणावरला तर मी रोजच जातो. तिथं विचारणं काही अवघड नव्हतं. तरी चार दिवस मी विचारलं नाही. नको ते ऐकायला मिळालं, तर अक्कांच्या समोर कुठल्या तोंडानं बसायचं? पाचव्या दिवशी धीर केला. आमच्या शाळेत मुलांचा दुपारचा स्वयंपाक करणाऱ्या पार्वतक्का आहेत, पंचक्रोशीतली कुंडली त्यांना तोंडपाठ. मी नाव सांगितलं तर त्या डाव तसाच हातात धरून म्हणाल्या, "वसंता? माझ्या जावेची बहीण की हो ती! पलीकडच्या गावात अंगणवाडीची टीचर आहे. चांगली ठणठणीत आहे. काय काम होतं?"

मला इतकं हलकं वाटलं, की मुलांच्या पंगतीत बसून मी दोनदा वाढून घेऊन सांबार-भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अंगणवाडीत गेलो. पन्नाशीच्या बाई, कमरेवर कुणाचं तरी रडणारं पोर. अक्कांचं नाव काढताच त्यांनी ते पोर खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"अजून आहेत अक्का? मी सप्तापुरात आले तर अजून पलीकडच्या कडेनं चालते हो. भेटल्या तर लोकल गार्डियन कुठाय म्हणतील म्हणून!"

आणि त्या जोरजोरात हसायला लागल्या. त्या रात्री त्या मिळेल त्या बसनं हुबळीला, मावशीकडे गेल्या होत्या. सायकलवाल्यानं हॉस्टेलच्या अलीकडच्या वळणावरच सायकल वळवली होती. "अक्कांचा आवाज ऐकू येताच पळाला बघा. बरं झालं पळाला," त्या म्हणाल्या. मग हसू ओसरलं. वडिलांनी कॉलेज बंद केलं, त्या वर्षी त्या खूप रडल्या. लग्नानंतर घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देऊन बी. ए. झाल्या. "अक्कांवर राग होता वर्षभर. मग मला मुली झाल्या. त्या बाहेर गेल्या की मी पण दारातच उभी असते."

संध्याकाळी मी अक्कांना म्हणालो, "वसंता सापडली."

"आहे?" त्यांनी एवढंच विचारलं.

"आहे. मजेत आहे."

अक्का खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या रात्री कुठं झोपली ती?"

"मावशीकडे. कमरीपेठेत."

"म्हणजे कारण खरं झालं पोरीचं," अक्का म्हणाल्या आणि हिरवा चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. डोळ्यांना हात लावायचा नाही, हा डॉक्टरांचा नियम होता. तो त्यांनी माझ्यादेखत मोडला.

वसंताबाई पुढच्या शुक्रवारी सहाला येणार होत्या. अक्का पाचपासून अंगणात. सहा वाजले, साडेसहा झाले. सातला मालिका लागली. आता डोळ्यांना परवानगी मिळाली होती, पण अक्कांचं लक्ष टीव्हीवर नव्हतं. रेयांश अवनीला घेऊन कुठल्याशा टेकडीवर गेला आणि तिथंच एपिसोड संपला. साडेसात झाले. शुभानं मला डोळ्यांनी विचारलं आणि मी खांदे उडवले. बस चुकली असेल, की बाईंचं मन बदललं असेल, मला काहीच कळेना.

सात चाळीसला फाटकाबाहेर पावलं वाजली. हातात डबा घेतलेल्या वसंताबाई आणि त्यांच्या मागे उंच, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. फाटक नुसतं लोटलेलं होतं, गायीलासुद्धा उघडता येतं. वसंताबाईंनी त्याला हात लावला नाही.

"अक्का, उघडा," त्या बाहेरून म्हणाल्या.

अक्का पायरीवर उभ्या राहिल्या, ताठ. "किती वाजले?"

"सात चाळीस, अक्का. बस वाटेत बंद पडली."

"लोकल गार्डियन?"

मिशीवाले गृहस्थ पुढं झाले आणि हात जोडून अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मी आहे जी. मालक हिचा. अठ्ठावीस वर्षं झाली."

शुभाला हसू आवरेना. अक्का तिसरा प्रश्न विचारणार होत्या. तोंड उघडलंही, पण तो बत्तीस वर्षं कमावलेला आवाज निघालाच नाही. त्या पायऱ्या उतरल्या, दोन्ही हातांनी फाटक उघडलं आणि मी आजवर फक्त मांजराशी बोलताना ऐकलेल्या भाषेत म्हणाल्या, "बा, ओळगे बा." ये, आत ये.

मग दोघी बराच वेळ रडल्या, ते आम्ही बघितलं नाही असं दाखवलं. आत गेल्यावर मात्र अक्कांनी रजिस्टर काढलं आणि पेन पुढं केलं. वसंताबाईंनी पहिल्या ओळीत लिहिलं, सात चाळीस, आणि सही केली. अक्का ती सही चष्म्यानं आणि बिनचष्म्यानं, दोन्ही करून बघत राहिल्या. मग डबा उघडला. शेंगांच्या पोळ्या होत्या. त्या खाऊन झाल्यावर पाहुण्यांना आज परत जाता येणार नाही, असं अक्कांनी इंग्रजीत जाहीर केलं.

पाहुण्यांच्या गाद्या घालायला मी खाली आलो, तर अक्का अंगणात निघालेल्या. फाटकापाशी गेल्या आणि कडी घातली.

"अक्का," मी म्हणालो, "अवनी अजून बाहेर आहे."

"असू दे की. फोन आहे तिच्याकडं." त्यांनी कडी ओढून पक्की बसली का बघितलं. "आली तर हाक मारेल. मी आहे की उघडायला."