पोटाखालचा पत्रा

"एकदा हा पत्रा बसला, की पोटाला यमसुद्धा हात लावू शकणार नाही!"

हे वाक्य दत्तप्रसादने फोनवर मित्राला ऐकवलं, ते जीपच्या पोटाबद्दल. पण ऐकवलं ते हडपसरच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूच्या दारात! आत त्याचे सासरे, लोणी काळभोरचे सीतारामनाना, पोटाच्याच ऑपरेशननंतर अखेरच्या घटका मोजत होते. बाकावरचे झाडून सगळे नातेवाईक वळले. सासूबाई शालनताईंनी तर हातच जोडले.

"जावईबापू, कोणते डॉक्टर हायेत हे? ह्यांना पण बसवतील का वो?"

उत्कर्षाने, म्हणजे त्याच्या बायकोने, नवऱ्याकडे असं पाहिलं की फोन आपोआप खिशात गेला.

दत्तप्रसाद आयटीतला माणूस. डोंगरदऱ्या तुडवायला म्हणून त्याने जीप घेतली होती. आजवर ती चढलेला सर्वांत अवघड कडा म्हणजे ऑफिसच्या पार्किंगचा रॅम्प! पण एकदा सोसायटीच्या स्पीडब्रेकरला ती खालून खर्रकन घासली आणि याची झोप उडाली. स्किड प्लेट, म्हणजे इंजिनाखाली बसवायचा जाड पत्रा, घ्यायचाच. पण कुठला? हलका अ‍ॅल्युमिनियमचा की दणकट पोलादी? नुसता इंजिनापुरता की पार टाकीपर्यंत? हॉस्पिटलात बसून त्याने इतके व्हिडिओ पाहिले, की नर्सला वाटलं, जावई सासऱ्यांच्या आजाराचा अभ्यास करतोय.

नाना गेले तेव्हा एक व्हिडिओ अर्धा राहिला होता. तो त्याने नंतर पुरा पाहिला. उत्कर्षाने ते पाहिलं. बोलली नाही. रडलीही नाही. अग्नी दिला तेव्हा नाही, अस्थी गोळा केल्या तेव्हा नाही. तिचा तो कोरडा चेहरा बघून दत्तप्रसाद घाबरायचा, आणि घाबरला की पुन्हा पत्रे बघत बसायचा.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तो हडपसरला कचरूशेठच्या दुकानात धडकला.

"पोलादी द्या. पार मागपर्यंत. पण याला ही भोकं कशाला?"

"पाणी, चिखल, कचरा खाली पडायला."

"अहो, भोकं पाडलेलं संरक्षण म्हणजे चाळणी झाली! मला सलग हवा."

"तिरडीलासुद्धा फटी असतात, साहेब," कचरूशेठ म्हणाले. "आपली मर्जी."

सलग पत्रा बसला!

दहाव्याला सगळं गाव डांबरी रस्त्याने नदीवर निघालं. दत्तप्रसादने जीप पडीक रानात घातली. मागे शालनताई आणि उत्कर्षा, पुढे मेहुणा अभय, मांडीवर पिंडांचं साहित्य. समोर कमरेएवढं वाळलेलं गवत.

"दाजी, डांबरी हाय की!"

"डांबरी कशाला? खाली पोलाद आहे!"

खस्स! खर्र! ठण्ण! प्रत्येक आवाजाला जावईबापूंची छाती फुगत होती. "ऐकलंत? काही लागलं नाही!"

"लागल्याचाच आवाज आला की," शालनताई म्हणाल्या.

जीप घाटावर थांबली तेव्हा तिच्या पोटात गाडीभर गवत कोंबलेलं होतं. सलग पत्रा! एक काडी खाली पडेल तर शपथ. आणि वर तापलेला सायलेन्सर.

विधी झाला. पिंड मांडले. मंडळी मागे सरून चिडीचूप उभी राहिली. बाभळीवरून एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, मान तिरकी केली...

"धूर कुठला हो?"

"कुणाला तरी अग्नी दिला असंल."

"अहो, गाडीला दिलाय!"

मग जी पळापळ झाली! खालून पाणी मारलं, तर पत्र्यावर आपटून मारणाऱ्याच्याच तोंडावर. वाळू फेकली, तीही परत.

"पत्रा काढा!"

"पाना कुठाय?"

"गाडीत!"

शेवटी दत्तप्रसादने बॉनेट उघडलं. आतून ज्वाळेने बाहेर येऊन त्याची अर्धी मिशी नेली. घाटावरच्या बादल्या, कळशा, विधीचा तांब्यासुद्धा रिकामा झाला, तेव्हा आग विझली. वायरी शेवयांसारख्या लोंबत होत्या. इंजिनाचा कोळसा झाला होता. पत्र्याला मात्र ओरखडा नव्हता!

कावळे पार थेऊरकडे पळाले होते. मंडळी पुन्हा उभी. ऊन चढलं. कावळा येईना.

"नाना, आईला अंतर देणार न्हाई!" अभय म्हणाला. कावळा नाही.

"सीताराम, बांधाचं भांडण मिटलं!" चुलते रावसाहेब म्हणाले. कावळा नाही.

मग सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या.

"दाजी, तुम्ही बोला काहीतरी."

काळाठिक्कर दत्तप्रसाद पुढे झाला. हात जोडले. "नाना... पुढच्या वेळी भोकंवाला घेईन!"

रावसाहेबांनी कपाळावर हात मारला. आणि उत्कर्षा हसली. आधी फिसकन, मग पोट धरून, मग पायरीवर बसून. बायकांनी तोंडाला पदर लावले. हसता हसता तिचा आवाज फाटला, आणि ती "नाना!" म्हणून जी रडायला लागली, ती थांबेचना. दत्तप्रसाद तिच्याजवळ जाऊन बसला. तिने त्याच्या काजळलेल्या शर्टात तोंड खुपसलं.

"नाना गेले आणि तू तो व्हिडिओ पुरा पाहिलास."

"हो. दुसरं काय करायचं असतं, ते कळेना गं."

"मला तरी कुठे कळत होतं," ती म्हणाली आणि पुन्हा रडली.

"शिवला!" गुरुजी अचानक ओरडले. सगळे गर्रकन वळले. पिंडाशेजारी दोन शितं सांडली होती. कावळा कुठेच नव्हता.

"कुणी पाहिला?" रावसाहेबांनी डोळे बारीक केले. गुरुजींना पुढच्या दहाव्याला जायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी पाहिला," शालनताई म्हणाल्या.

त्यांची पिंडाकडे पाठ होती. मघापासून त्या फक्त लेकीकडे बघत होत्या. हे दत्तप्रसादला नीट दिसलं होतं.

"मीपण पाहिला," तो म्हणाला.

रावसाहेबांनी टोपी सारखी केली. मंडळी पांगली, आपापल्या गाड्यांत बसली, एकेक करून धुरळा उडवत निघून गेली. घाट रिकामा झाला. शालनताईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि जीपकडे एकवार पाहिलं.

"जावईबापू, लोकं गेली की वो सगळी. आता आपण घरी जायचं कशात?"