गजाचं बोट

आमच्या हरिकाकांनी एका माणसाचं एक बोट माझ्याकडून आजवर सतरा वेळा मोठं करून घेतलंय.

पेणच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोक सातबारा आणतात, आधार कार्ड आणतात. शेजारचे हरिकाका वर्तमानपत्रातलं एक पिवळं पडलेलं कात्रण आणतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या कबड्डीच्या सामन्याचा फोटो आहे तो. चौघांनी मिळून एकाला मातीत दाबलाय आणि त्या ढिगातून एक हात मधल्या रेषेकडे आलाय. तो हात आमच्या पेणच्या गजाचा. त्याचं बोट रेषेला टेकलं की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

"अजून मोठं कर गो, सुलू," काका म्हणतात आणि मी करते. आधी ते बोट भेंडीएवढं झालं, मग वांग्याएवढं. आता मोठ्या कागदावर नुसते काळे-करडे ठिपके येतात. एकदा मी वैतागून विचारलं, काका, हे बोट आहे की आभाळ आलंय? त्यांनी ठिपक्यांवर नख ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "लागलंय. डोळ्यांनी बघितलंय मी."

ज्यांना कबड्डीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोट रेषेला लागलं असेल तर धरणारे चौघेही बाद, पेण जिंकलं आणि गजा हा आजवरचा सगळ्यात थोर खेळाडू. नसेल लागलं, तर ज्यानं गजाचा घोटा सोडला नाही तो रोह्याचा म्हादू सगळ्यात थोर. पंचांनी त्याच दिवशी रोह्याच्या बाजूनं निकाल दिला आणि सगळे जेवायला गेले. पुढे गजाची मुलगी म्हादूच्या घरात दिली. दोघे व्याही एका पंगतीला बसून जिलब्या खातात. हरिकाका मात्र अजून त्या मैदानातच आहेत.

काका पेण-रोहा गाडीवर कंडक्टर होते. तिकीट देताना विचारायचे, "गजा का म्हादू?" जो म्हादू म्हणेल तो नागोठण्यापर्यंत उभा. एकदा एका नव्या नवरीनं घाबरून आपल्या नवऱ्याचंच नाव सांगितलं. काकांनी तिला खिडकीची जागा दिली आणि नवऱ्याला विचारलं, कुठल्या संघातून खेळतोस?

पण खरं भांडण व्हायचं ते रोह्याला. तिथे स्टँडवर अनंतकाका कंट्रोलर होते. गाडी फलाटाला लागायच्या आधीच ते खिडकीतून चार बोटं दाखवायचे. म्हणजे गजाचं बोट चार बोटं कमी पडलं होतं. मग दोघांची अशी जुंपायची की गाडीची वेळ टळायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा आणि प्रवासी खाली उतरून भजी खायचे. ज्यानं गाडी वेळेत सोडायची तोच कंट्रोलर भांडतोय म्हटल्यावर तक्रार करायची कोणाकडे?

दोघे रिटायर झाले तरी हे चालूच राहिलं. दर मंगळवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून रोह्याला जायचे. काकी गेल्या त्यानंतर फक्त दोन मंगळवार चुकले. तिसऱ्या मंगळवारी अनंतकाका स्वतः पेणला आले आणि दारातच चार बोटं दाखवली. त्या दिवशी काका पहिल्यांदा पोटभर जेवले, हे मी पाहिलंय, कारण डबा माझ्या घरचा होता.

तर असे हे हरिकाका दिवाळीनंतर एका सकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "सुलू, तुझ्याकडे ते पांढरं असतं ना, खाडाखोडीचं? बोटाच्या आणि रेषेच्या मधी लाव. फट दिसायला पायजे."

मी खरंच चिडले. सतरा वेळा माझ्या मशीनची शाई खाल्लीत, आणि आता रोह्याला जाऊन मिळालात? म्हटलं, मी असलं काही करणार नाही. लोकांचे दाखले असतात माझ्याकडे, उद्या कोणी बघितलं तर काय म्हणेल?

काका स्टुलावर बसले आणि मग हळूहळू सांगायला लागले. अनंतकाकांना हल्ली आठवत नाही. आधी नावं जायला लागली, मग घरचा रस्ता. गेल्या मंगळवारी काकांनी नेहमीसारखी सुरुवात केली, की बोट लागलं होतं. अनंतकाका हसून म्हणाले, "लागलं असेल. तुम्ही म्हणताय तर लागलं असेल."

"चाळीस वर्षांनी जिंकलो गो," काका म्हणाले. "चहापण घशाखाली उतरला नाय. आता त्याच्या बाजूनं बोलायला कोण हाय? मलाच बोलायला पायजे. भांडायला मला दुसरं माणूस नाय."

मी पांढरं काढलं. फट बेमालूम केली, वर तिची झेरॉक्स काढली आणि मंगळवारी दुकान बंद ठेवून काकांबरोबर गाडीत बसले.

वाटेत त्यांनी माझ्याकडून तालीम करून घेतली. मी गजाची बाजू घ्यायची, त्यांनी म्हादूची. पण जन्माची सवय ती. वडखळच्या पुढे दोन वाक्यं म्हादूची झाली की तिसऱ्याला काका परत गजाचे व्हायचे आणि मग स्वतःवरच चिडायचे. पुढच्या सीटवरच्या बाई नागोठण्याला उतरताना माझ्याकडे फार दयेनं बघून गेल्या.

अनंतकाका पडवीत खुर्चीवर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले आणि कुठल्या गावचे म्हणून विचारलं. मी मान खाली घातली. काकांनी कागद उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बघ अनंता, तुझंच खरं. वीतभर कमी पडलं गजाचं बोट."

अनंतकाका कागदाकडे बघत राहिले. काकांनी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा, फटीवर नख ठेवून. अनंतकाकांच्या पत्नी, म्हणजे काकांच्या वहिनी, चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे धरून दारातच थांबल्या.

मग अनंतकाकांनी हात उचलला. चार बोटं जुळवली आणि त्या फटीवर आडवी ठेवून नीट मोजली.

"वीतभर नाय," ते म्हणाले. "चार बोटं. तू कायम वाढवून सांगतोस, हऱ्या."

यावर काकांनी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण हरिकाका ते हरिकाकाच. ताडकन उठले आणि म्हणाले, "कसली चार बोटं? लागलं होतं. डोळ्यांनी बघितलंय मी." अनंतकाका खुर्चीत पुढे सरकले. तुझे डोळे तपासून घे म्हणाले, पेणकरांना रेष कधी दिसली होती का म्हणाले. पाच-सात मिनिटं असं मस्त भांडण झालं. वहिनींनी चहा तसाच ठेवला आणि पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या. मी तर रडतच होते, मला लाज वाटायचं काही कारण नाही.

मग अनंतकाका थकले. कप उचलून दोन घोट घेतले आणि आमच्याकडे वळून हसून विचारलं, कुठल्या गावचे तुम्ही?

"पेणचा," काका म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

परतीच्या गाडीत नागोठण्याला त्यांनी खिशातला कागद परत उलगडला. मग म्हणाले, "पुढच्या मंगळवारी फट अजून मोठी कर गो, सुलू. हातभर कर. म्हंजे मला खोटं पाडून त्याला चार बोटं म्हणायला बरं पडेल."