उंबऱ्याबाहेरचे जोड

आमच्या गावातले रंगनाथ भाऊसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी माणसाकडं नाही, चपलांकडं बघतात. उंबऱ्याबाहेर उभं राहून बोटानं जोड मोजतात, खिशातल्या वहीत लिहितात आणि मग हाक मारतात, "हाय का कोण घरात?" उत्तराची त्यांना गरज नसते. मोजून झालेलं असतं.

भाऊसाहेब म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. नोकरीभर त्यांनी लोकांची नावं याद्यांत चढवली आणि निवृत्त होताच त्यांचा याद्यांवरचा विश्वास उडाला. "कागदावरचं माणूस अनवाणी असतंय, ठेकेदार," ते मला म्हणायचे. "खऱ्या माणसाला जोड लागतो."

लग्नात लोक जेवायला बसत, हे मांडवाच्या तोंडाशी मोजत बसत. शेवटची पंगत उठली की आचाऱ्याला गाठून सांगत, "पानं लई उठली, जोड कमी हायेत. बरेच जण दोनदा बसलेत." एकदा मशिदीपुढं वही काढली, तर बाबूभाई पंक्चरवाल्यानं हटकलं, "भाऊसाहेब, आज जुम्मा हाय. बाहेरगावचे बी आलेत. सोमवारी या." भाऊसाहेबांनी लिहिलेलं पान फाडलं आणि सोमवारी खरोखर गेले.

हे आज मी हसत सांगतोय, पण या माणसानं माझं केलेलं नुकसान मी विसरलेलो नाही. मी गवंड्याच्या हाताखाली पाट्या उचलत वर आलो. सिमेंटच्या गोणीपासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत पहिल्या बोलीवर मी कधी हो म्हणालो नाही. गावाच्या माळावर साठ घरांची नवी वस्ती व्हायची होती, काम माझ्या हातात आल्यासारखं होतं. त्यासाठी माणसं मोजायची होती. ती मोजणी मी खटपट करून जत्रेच्या आठवड्यात लावून घेतली.

पाटोद्याच्या या अंगाला ज्यांची गावं आहेत त्यांना यातली मेख लगेच कळेल. दिवाळीच्या आगंमागं निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर जातं. पोरं पुण्याला कंपन्यांत. पण चैत्रात जत्रेला सगळे येतात. एकेका घरात पंधरा-पंधरा माणसं, ओसरीवर निजायला जागा नाही. मोजणारे साहेब म्हणाले, "गाव फार दाटीचं आहे हो. साठ घरं तर लागतीलच." मी मान डोलावली.

भाऊसाहेब तेवढं ऐकून चावडीवरून उठले. जाताना म्हणाले, "जत्रेतलं गाव धरू नका साहेब. पालं उठली की गाव उठतंय."

दिवाळी सरली तशी ते वही घेऊन दारोदार फिरायला लागले. महिनाभर रोज. उंबऱ्याबाहेर एक जोड, दोन जोड, कुठं नुसतं कुलूप. त्यांचं म्हणणं असं पडलं की घरं बावीस पुरेत. उरलेल्या जागेत एकच मोठी खोली बांधा, तिला बुटक्या पायऱ्या, धरायला दांडी आणि एक चूल. मागं राहिलेली म्हातारी माणसं तिथं एकत्र जेवतील, बसतील.

"साठाची बावीस?" मी त्यांना भर रस्त्यात धरलं. "माझ्या घासात का म्हणून माती कालवता?"

"अडतीस कुलपं कुणाच्या पैशानं इकत घेऊ, ते सांगा."

"बरं, पन्नास करा."

"माणसात घासाघीस होत न्हाई, ठेकेदार."

"पंचेचाळीस."

ते चपलांकडं बघत निघून गेले. माझ्याच चपलांकडं.

त्याआधी श्रावणात एकदा माझ्या ओसरीवर आले होते. जोड मोजून झाले तरी जाईनात. माझ्या नातीला पायरीवर बसवलं, खिशातून सुतळी काढली, तिच्या पावलाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावली आणि गाठ मारली. मी आतून बघत होतो. माझं डोकं फिरलं. माझ्या घराची काहीतरी तक्रार शिजतेय, असंच मला वाटलं.

"भाऊसाहेब, हे काय चाललंय?"

"सात सरलं का पोरीला?"

"सरलं. का वो?"

"काय न्हाई," म्हणाले आणि सुतळी खिशात घालून निघाले. मी पाठीमागून बरंच बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घरांचा आकडा ठरायचा होता. आठवडाभर आधी भाऊसाहेबांची वही पंचायतीत ठेवली होती. मी ती पानन् पान चाळली, कुठंतरी चूक सापडेल म्हणून. आणि सापडली. स्वतःच्या घरापुढं त्यांनी लिहिलं होतं: जोड चार.

त्यांची बायको वारून बरीच वर्षं झालेली. मुलगा, सून आणि नात पुण्याला. चार जत्रा झाल्या, त्यातलं कुणी गावात पाऊल टाकलेलं नाही. सगळ्या गावाला खरं बोलायला लावणाऱ्यानं घरच्याच पानावर खोटं लिहिलं होतं. भरसभेत हे पान वाचलं की वही गेली, आणि वही गेली की माझी साठ घरं उभी राहिली. मी दोघा-चौघांना सांगूनही ठेवलं, सभेत गंमत बघा.

आदल्या संध्याकाळी खात्री करायला त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्याबाहेर खरंच चार जोड होते. त्यांच्या वहाणा, एक काळे बूट, बाईमाणसाच्या सँडल आणि गुलाबी बक्कल असलेल्या लहान चपला. सगळे पुसून ठेवलेले. मी वाकून लहान चप्पल उलटी केली. तळव्याला मातीचा कण नव्हता.

भाऊसाहेब दारात आले. मी चप्पल खाली ठेवली.

"नातीची," ते म्हणाले. "गेल्या टायमाला आणलेली बारीक झाली असंल, म्हणून बदलली. दरसाल बदलतो. पण अंदाजानं किती दिवस आणायचं? तिला बघून चार वर्षं झाली. मग तुमच्या नातीचं माप घेतलं. दोघी एकाच महिन्यातल्या हायेत."

मला बसा म्हणाले. चहा त्यांनीच केला, दोन कप.

सभेला सगळी पिकली डोकी. तरणं गाव उसात. वही वाचता वाचता सरपंच भाऊसाहेबांच्या पानावर थांबले. "ठेकेदार, तुमी कायतरी सांगणार होता. यांच्या घरी जोड किती?"

"चार," मी म्हणालो. "काल मोजलेत मी."

मागच्या बाजूला भाऊसाहेब उठले. सावकाश पुढं आले, सरपंचांच्या हातातला पेन घेतला आणि वहीत रेघ मारली. "एक लिवा," म्हणाले. "जत्रेतलं गाव मीच धरलं."

सरपंचांनी पुढची पानं उलटली. "मग बाकीची वही..."

भिंतीला टेकलेली सखूबाई म्हणाली, "बाकीची खरी हाय. माझ्या दारात एकच जोड हाय. येऊन बघ."

मग एकेक करत हात वर झाले. बावीस घरं आणि एक खोली मंजूर झाली. पायऱ्या मीच बांधल्या, बुटक्या. त्या कामात मला काही सुटलं नाही, आणि तो राग माझ्या मनात अजून आहे.

परवा नातीला बीडला चप्पल घेतली. दुकानदारानं सांगितलेला भाव ऐकून मी सवयीप्रमाणं उठलो, पुन्हा बसलो. बाहेर येऊन भाऊसाहेबांना फोन लावला.

"एक नंबर वाढलाय," मी म्हणालो.

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"लिवून घेतो," ते म्हणाले.